वळकटी आणि समुद्रकाठचे सोबती

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात, जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान, लोहमार्गाला लागून केम नावाचे जे गाव आहे, त्याची ओळख आज महाराष्ट्राला मुख्यतः दोन गोष्टींनी आहे: एक तेथील उत्तरेश्वराचे देवस्थान आणि दुसरी तेथे तयार होणारे कुंकू. तिसऱ्या एका गोष्टीचा मात्र फारसा कोणी गौरव केलेला नाही. ती म्हणजे केमसारख्या कोरडवाहू गावांतून गेली दीडशे वर्षे समुद्राकडे निघालेली माणसे, त्यांच्या खांद्यावरची वळकटी, आणि मुंबईच्या अपरिचित, दमट, गजबजलेल्या नगरीत त्यांनी जोडलेले सोबती. पाठीवर एकच पिशवी टाकून, अल्प खर्चात, गोव्याच्या किंवा केरळच्या किनाऱ्यावर महिनोन्महिने राहणारी आणि तेथे देशोदेशीच्या अनोळखी माणसांशी मैत्री करणारी तरुण मंडळी आपण आता नित्य पाहतो आणि ही रीत परदेशातून आली असे समजून चालतो. परंतु ज्याच्याजवळ सामान थोडे आणि ओळख त्याहून थोडी, अशा माणसाने परक्या शहरात पाय रोवण्याची विद्या आपल्या मुलखात फार पूर्वी सिद्ध झालेली होती. ती हौसेतून निर्माण झाली नव्हती, निकडीतून निर्माण झाली होती. आणि म्हणूनच तिला नियम होते.

ही विद्या गावाहून निघालेला तो माणूस मुंबईत शिकला असे मला वाटत नाही. ती त्याने गावाहून नेली. जुन्या गावगाड्यात परक्या माणसाचे काय करावयाचे याची एक निश्चित व्यवस्था असे. वाटसरू आला तर त्याने चावडीवर किंवा देवळाच्या ओवरीत उतरावे, वेशीवरच्या येसकराने त्याची चौकशी करून पाटलास वर्दी द्यावी, आणि कोठला, कोणाचा, कशासाठी आला हे समजले की गावाने त्याच्या भाकरीची सोय पाहावी. ही चौकशी संशयातून होत असे हे खरे, तथापि त्याच चौकशीने तो मनुष्य निनावी राहत नसे. शिवाय करमाळ्याचा हा मुलूख पंढरीच्या वाटेवरचा. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) ओलांडून करमाळा, जेऊर, कंदर या मार्गाने पंढरपुरास जाते. आषाढापूर्वी या गावांना हजारो अनोळखी माणसांना पाणी देणे, पिठले-भाकरी घालणे, पडवीत निजावयास जागा करून देणे हा दरवर्षीचा परिपाठ आहे. आणि जो स्वतः वारीस जातो त्याला तर दिंडीतच सारा धडा मिळतो: अंथरूण-पांघरूण इतकेच घ्यावयाचे की ते आपले आपल्याला उचलता यावे, पंगतीत मिळेल ते खावयाचे, विणेकऱ्याच्या आज्ञेत चालावयाचे, आणि शेजारी चालणाऱ्याला नावगाव विचारण्याआधीच माउली म्हणावयाचे. गृहस्थाश्रमी शेतकऱ्याने आयुष्यभर असे चालत राहावे आणि त्यातून परक्यांशी स्नेह करण्याची सवय अंगी मुरवावी, ही महाराष्ट्राच्या इतिहासातील फार मोलाची गोष्ट आहे. तिच्याकडे आपण केवळ भक्तीच्या अंगाने पाहतो, म्हणून तिचे हे लौकिक फळ दृष्टीआड होते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग पुण्याहून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, १८५९ साली आला आणि दुसऱ्याच वर्षी सोलापुरास पोहोचला. परंतु बोरघाट अद्याप फुटावयाचा होता. घाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला होईपर्यंत गाडी खंडाळ्यास थांबे, आणि तेथून खाली खोपोलीपर्यंतचा उतार ऐपतीप्रमाणे पालखीत, तट्टावर किंवा पायी उतरून मुंबईकडची दुसरी गाडी धरावी लागे. गरिबाने अर्थातच पायी उतरावयाचे. त्या चार वर्षांत देशावरून मुंबईस गेलेल्या प्रवाशाला अर्धा दिवस नव्या युगाचा आणि काही तास जुन्या युगाचा, असा प्रवास घडत असे. योगायोग असा की ज्या १८६३ साली घाट फुटला, त्याच साली गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. अठरापगड लोक, पेठा, देवळे, गिरण्या, बंदरे यांनी गजबजलेल्या त्या नगरीचे विस्तृत चित्र मराठी वाचकाच्या हाती आले, आणि जो वाचू शकत नव्हता त्याच्यासाठी ती नगरी स्वतःच एका तिकिटाच्या अंतरावर आली. केमपासून मुंबई सुमारे साडेतीनशे किलोमीटर. पूर्वी ही वाट बैलगाडीने आणि लमाणांच्या तांड्यांबरोबर कित्येक दिवसांची होती.

मार्ग झाला तरी माणसे लगेच निघाली असे नव्हे. त्यांना काढले ते दुष्काळाने. १८७६ साली पाऊस हटला आणि पुढील दोन वर्षांत सोलापूर, नगर, विजापूर या जिल्ह्यांनी जे पाहिले त्याची आठवण आजही वृद्धांच्या बोलण्यात पिढीजात उतरलेली आढळते. सरकारने दुष्काळी कामे काढली. दौंड-मनमाड हा लोहमार्ग त्याच आपत्तीच्या काळात उपाशी माणसांच्या श्रमाने पुरा होऊन १८७८ साली सुरू झाला. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे आणखी दोन घाव बसले. तगाई मिळाली तरी बैल मिळत नसत, सारा तहकूब झाला तरी सावकाराचे व्याज तहकूब होत नसे. अशा वेळी घरातील एक धडधाकट मुलगा बाहेर पाठविणे हा शेतीचाच एक भाग झाला. जवळ सोलापुरात १८७७ साली निघालेली गिरणी होती, जिला पुढे सारे गाव जुनी गिरणी म्हणू लागले. बार्शीतही गिरण्या निघाल्या. पण मुंबईत गिरण्यांच्या जोडीला गोदी होती, लोहमार्गाचे कारखाने होते, हमाली होती, आणि गावच्या कोणा एकाचा कोणी एक तेथे आधीच गेलेला होता. हे शेवटचे कारण सर्वांत बलवत्तर.

त्या वळकटीत काय असे? एक घोंगडी, एक वाकळ, धोतरजोडी, तांब्या, आईने बांधून दिलेल्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. कडक भाकरी हे सोलापुराकडचे अन्न प्रवासासाठीच जणू निर्माण झालेले; आठ-आठ दिवस टिकते आणि कशाशीही खाता येते. टिकत नसे ती घोंगडी. ज्या प्रांतात वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर सुकाळ मानावयाचा, तेथला मनुष्य जूनमध्ये अशा बेटावर येऊन पडे की जेथे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, भिंतींना ओल धरते, कपडे वाळत नाहीत आणि अंगावरचा घाम वाऱ्यानेही सुकत नाही. घाटावरच्या कोरड्या, खणखणीत हवेत वाढलेल्या देहाला ही उष्ण कटिबंधातील समुद्राची हवा प्रथम आजारासारखीच वाटे. आपल्याकडे स्थलांतराची चर्चा मजुरी आणि भाड्याच्या आकड्यांत होते. शरीराने सोसलेला हा बदल त्या चर्चेत कोठेच येत नाही. ओली घोंगडी कोठे वाळत घालावी, पाण्याच्या नळावर किती वाजता उभे राहावे, मीठ लावलेल्या सुक्या मासळीचा वास नाकाला कधी सरावतो, या गोष्टी ज्याने सांगितल्या तो त्या माणसाचा शहरातील पहिला मित्र. आणि तो बहुधा कोकणातला असे, कारण गिरणगावात रत्नागिरीकरांची वस्ती सर्वांत मोठी होती. देशावरच्याला ते घाटी म्हणत. त्या शब्दात हिणवणे होते, परंतु एका नळावर दोन पावसाळे काढल्यावर तो शब्द हाक मारण्यापुरता उरे.

आता ज्या संस्थांनी हे स्नेह घडविले त्यांच्याकडे वळले पाहिजे, कारण मैत्री केवळ स्वभावाने होत नाही. तिला बसावयास जागा लागते. पहिली संस्था खानावळ. कोणी विधवा, किंवा जिच्या नवऱ्याची कमाई पुरत नाही अशी बाई, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ पंधरावीस पुरुषांना जेवू घाली. हिशेब महिन्याचा, पगाराच्या दिवशी चुकता करावयाचा. मधल्या काळात उधारी. नवीन आलेल्याला काम लागेपर्यंत, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर, ती बाई पानावर बसू देई, आणि या एका गोष्टीचा विचार केला तर मुंबईच्या कापडधंद्याला लागलेल्या भांडवलाचा एक अंश या स्त्रियांच्या चुलीतून गेला, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. संपाच्या काळात तर गिरणी कामगार महिनोन्महिने तग धरून राहिला तो खानावळवालीच्या उधारीवर. ती मात्र वाण्याच्या आणि सावकाराच्या कचाट्यात सापडे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा शंभर वर्षे चाललेल्या या उद्योगाला प्रथमच कोणी उद्योग म्हणून ओळखले. खानावळवालीला सर्व जण मावशी म्हणत. आईपासून तुटलेल्या पोराला परक्या शहरात मावशी मिळणे म्हणजे काय, हे ज्याने घर सोडले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी संस्था गाळ्याची, म्हणजे गावकीच्या खोलीची. एका गावची माणसे मिळून चाळीत एक खोली भाड्याने घेत. प्रत्येकाची एक पेटी, एक खुंटी, आणि निजण्यापुरती जागा. तीही पाळीप्रमाणे, कारण दिवसपाळीचा उठे तेव्हा रातपाळीचा येऊन त्याच जागी आडवा होई. दरमहा वर्गणी, तिचा जमाखर्च लिहिणारा एक कारभारी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी सभा. दारू पिऊन खोलीत यावयाचे नाही, बाहेरचा पाहुणा अमुक रात्रींहून अधिक ठेवावयाचा नाही, खोलीतला कोणी आजारी पडला तर पाळीने त्याच्यापाशी थांबावयाचे, कोणी मेला तर त्याच्या मयतीचा खर्च सर्वांनी सोसावयाचा. शिल्लक उरली की गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, विहिरीची डागडुजी. ज्याला लिहिता येई तो सर्वांची पत्रे लिही, १८८० साली मनिऑर्डरची पद्धत सुरू झाल्यावर तिचे फॉर्म भरी, आणि अशा प्रकारे खोलीतील प्रत्येकाच्या घरचे सुखदुःख त्याला ठाऊक होई. आजरा, चंदगड, भुदरगड या कोल्हापूरकडच्या तालुक्यांतील गावांचे असे गाळे लालबाग-परळ भागात अगदी अलीकडेपर्यंत नांदत होते. गावगाड्यात जी येसकराची चौकशी आणि पाटलाची जामिनकी होती, तीच येथे वर्गणी आणि सभा या रूपाने पुन्हा उभी राहिली. फरक एवढाच की येथे पाटील निवडावा लागे.

ही कल्पना केवळ देशावरच्यांची किंवा मराठ्यांची नव्हे. गोव्याहून येणारे तारवटी, म्हणजे आगबोटींवर काम करणारे खलाशी आणि आचारी, हेही मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत आपल्या गावाच्या नावाने चालविलेल्या खोल्यांत उतरत. त्यांना कूड म्हणतात. तेथेही प्रत्येकाची पेटी, तेथेही वर्गणी, आणि भजनाच्या जागी संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना व गावच्या संताचा वार्षिक सण. मला वाटते, या दोन पद्धतींचा एकत्र अभ्यास कोणी तरी करावयास हवा. भाषा, धर्म, राज्यसत्ता, तिन्ही भिन्न असता किनाऱ्यावरच्या त्या एकाच शहरात दोन समाजांनी परक्या माणसाच्या प्रश्नाला जवळजवळ एकच उत्तर शोधले, यात पश्चिम भारतातील ग्रामसंस्थेविषयी बरेच काही कळण्यासारखे आहे.

परंतु या व्यवस्थेचा दुसरा चेहरा झाकून तिचे गुणगान करणे हा अन्याय होईल. जी चौकशी एकाला आश्रय देई, तीच दुसऱ्याला दारातून परत पाठवी. गाळा गावचा असला तरी बहुधा जातीचाही असे. खानावळीतील पान कोणासाठी मांडले जाईल हे आडनावावरून ठरे. गावाच्या वेशीवर ज्याने शतकानुशतके परक्यांची वर्दी दिली, त्या येसकराच्या, म्हणजे महाराच्या मुलाला मुंबईत वेगळी चाळ शोधावी लागे. गिरणीतही त्याला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्याने शिवलेल्या धोट्याला तोंड लावण्यास इतर कामगार तयार नसत; आणि विणकाम खात्यातच मजुरी अधिक. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. स्वतः ते परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिलेले; त्यांनी या बहिष्कृतांसाठी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली ती परळच्याच दामोदर हॉलमध्ये. म्हणजे ज्यांना इतरांचे गाळे बंद होते त्यांनी आपले स्वतःचे सोबतीपण, स्वतःची वाचनालये आणि वसतिगृहे, याच गल्ल्यांत नव्याने उभारली. शहर माणसाला आपोआप मुक्त करते हे मत मला मान्य नाही. जितकी मुक्ती मिळाली तितकी भांडून मिळाली.

आणि तरीही गाव आणि जात यांच्या कडेपलीकडे जाणारी मैत्री तेथे झाली, याचे उत्तम उदाहरण आमच्याच जिल्ह्याचे आहे. केमपासून पूर्वेला, कुर्डुवाडीपलीकडे, बार्शी. तेथे १९१६ साली जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा गिरणीत राबला, चळवळीत पडला, तुरुंगात गेला आणि पुढे मुंबईस येऊन शाहीर अमर शेख या नावाने सर्व महाराष्ट्राला परिचित झाला. दुसरा मुलगा वाटेगावचा, वाळवे तालुक्यातला, मातंग समाजात १९२० साली जन्मलेला. गावात जगणे अशक्य झाले तेव्हा, १९३१-३२ च्या सुमारास, वडिलांबरोबर तो पायी मुंबईस निघाला. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून वाटेत मिळेल ती मजुरी करीत हे कुटुंब चालत राहिले. भायखळा, माटुंग्याचा लेबर कॅम्प, पुढे घाटकोपरचे चिरागनगर, असा त्याचा मुंबईतील मुक्काम. तो अण्णाभाऊ साठे. या दोघांनी द. ना. गव्हाणकरांसह १९४४ साली लाल बावटा कलापथक स्थापिले, आणि त्या डफाच्या थापेवर गिरणगावाने पंधरा वर्षे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापर्यंत, आपला आवाज ऐकला.

या मैत्रीचा मी पुनःपुन्हा विचार करतो. एक मुसलमान, एक मातंग. एक बार्शीचा, एक वाटेगावचा. गावातल्या व्यवस्थेत हे दोघे एका पंगतीस बसले नसते. गाळ्याच्या नियमांतही बसले नसते. त्यांना एकत्र आणले ते सामायिक श्रमाने, सामायिक मताने आणि एका फडावर उभे राहून गावे लागते या गरजेने. फडात साथीदाराचा सूर ऐकावाच लागतो. जो मुलगा पायी मुंबईत शिरला होता तो १९६१ साली रशियास जाऊन आला आणि त्याने आपल्या त्या प्रवासाची हकीकत मराठीत लिहिली. मराठी प्रवासवर्णनांच्या इतिहासात या लेखकाला आरामखुर्चीतील प्रवाशांहून वेगळे स्थान दिले पाहिजे, कारण प्रवास म्हणजे काय हे त्याच्या पायांना आधी कळले होते. दोघेही १९६९ साली गेले. अण्णाभाऊ जुलैत, अमर शेख ऑगस्टात, रस्त्यावरील अपघातात.

तालमी, भजनी मंडळे, लेझीम, गणपती, सोशल सर्व्हिस लीगच्या रात्रशाळा, यांची हकीकत स्वतंत्र लेखाचा विषय होईल. येथे इतकेच नमूद करतो की रात्रशाळेत शेजारी बसलेला मनुष्य हा बहुतेकांचा असा पहिला मित्र असे की ज्याचे गाव त्यांना ठाऊक नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे त्यात उतरली, आणि तो संप कधी रीतसर संपलाच नाही, गिरण्याच संपल्या. गाळ्यांतील पेट्या गावोगाव परतल्या. करमाळा तालुक्याची स्थिती तोवर पालटू लागली होती: १९८० साली उजनीचे धरण पुरे होऊन भीमेकाठची गावे पाण्याखाली गेली, लोहमार्गाची काही जुनी स्थानके हलवावी लागली, आणि ज्या शिवारात ज्वारी निघत होती तेथे ऊस उभा राहिला. तरुण आता पुण्यास अधिक जातो, आणि त्याच्या खिशातील दूरध्वनी त्याला खोली शोधून देतो.

तथापि मुंबईकडे जाणारी वळकटी थांबलेली नाही. तिचे निमित्त बदलले आहे. परळला १९४१ साली टाटा रुग्णालय सुरू झाले, आणि कर्करोगाच्या उपचारासाठी राज्यभरातून, सोलापूर जिल्ह्यातूनही, गरीब माणसे तेथे येऊ लागली. त्यांनी उतरावे कोठे? गाडगे महाराजांनी, ज्यांनी स्वतः आयुष्यभर खापराचे गाडगे आणि हातातील काठी यांपलीकडे सामान बाळगले नाही, पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधविल्या. १९५६ साली त्यांचे निर्वाण झाले, पण त्यांच्या प्रेरणेतील दादरची धर्मशाळा आजही रुग्ण आणि त्यांच्या सोबत्यांना आश्रय देते. यात्रेकरूची जागा रुग्णाने घेतली, एवढ्यात त्या सत्पुरुषाच्या दृष्टीचा सारा आवाका दिसतो. पहाटेच्या गाडीने दादरला उतरलेला, कधी समुद्र न पाहिलेला, आजारी पत्नीचा हात धरलेला शेतकरी तेथे येतो. शेजारच्या खाटेवरचा, दोन महिन्यांपूर्वी जळगावाहून किंवा सिंधुदुर्गातून आलेला गृहस्थ त्याला सांगतो की केसपेपरच्या रांगेत किती वाजता उभे राहावे, कोणत्या खिडकीवर मदतीचा अर्ज द्यावा, जेवण कोठे स्वस्त मिळते, आणि औषधानंतर दोन दिवस रोगी काही खात नाही म्हणून घाबरू नये. हे सांगण्यासाठी त्याला कोणी नेमलेले नसते. त्यालाही ते असेच कोणी तरी सांगितलेले असते. पुढे दोघे गावी परततात, एकमेकांच्या घरच्या लग्नाला जातात, तपासणीच्या तारखा जुळवून एकाच वेळी मुंबईस येतात. केमच्या बाजूचा मनुष्य आला तर त्याच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असतेच, आणि ती तो एकट्यासाठी आणीत नाही.